बालाजीदादा, तुझं थरथरतं टेबल

बालाजीदादा,

तुझ्या तेराव्याला मुदखेडचे एक म्हातारबा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. जेवणं उरकली होती, मांडवात माणसं पांगली होती. त्यांनी मला नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कोन त्याच्या?"

मी म्हणाले, "आम्ही मिळून काम करायचो."

"कशाचं?"

"भूकंपाचं."

ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "त्याचं तर सगळंच त्यात गेलं होतं. आनखी काय काम राह्यलं होतं त्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आज तू गेल्याला पंचेचाळीस दिवस झाले. मी अजून त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात समजावून सांगत असते, आणि दर वेळी अर्ध्यातच अडकते. म्हणून आता तुलाच सांगून बघते. तुला तरी सगळं पहिल्यापासून माहीत आहे.

आठ वर्षांत मी तुला दादा आणि अरेतुरे करत आले, आणि तू मला 'मॅडम' सोडून काही म्हणाला नाहीस. "गौरी म्हण की," असं मी कितीदा म्हटलं. "हाव म्हनतो मॅडम," हे तुझं ठरलेलं उत्तर.

पहिल्यांदा भेटलो ते लातूरला, आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात. मी पडद्यावर मुलांना ते सॉफ्टवेअर दाखवत होते, ज्यात घर काढायचं नसतं, घराचे नियम लिहायचे असतात. भिंतीची जाडी हा एक आकडा, खिडकीची रुंदी हा दुसरा. एक आकडा बदलला की अख्खं घर आपोआप स्वतःला सावरून घेतं. तू नांदेडच्या तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा सर म्हणून आला होतास आणि मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसला होतास. चहाच्या सुट्टीत पुढं आलास. "मॅडम, हे सगळं माउसनंच हालवायचं का?"

"मग आणखी कशानं?"

तू खिशातून एक जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायचा खटका काढलास. असला माणूस मी पाहिला नव्हता, ज्याच्या खिशात रेडिओचा खटका असतो. तळहाताएवढ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला तीन वायरी जोडल्यास, बोर्ड माझ्या लॅपटॉपला लावलास. मुलं भोवती जमली. अर्धा तास काहीच झालं नाही. नियम माझे, वायरी तुझ्या, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंच होईना. मग तुझ्या लक्षात आलं की बोर्ड ज्या वेगानं बोलत होतं त्या वेगानं माझं सॉफ्टवेअर ऐकत नव्हतं. एक ओळ बदललीस आणि मला म्हणालास, "फिरवा."

मी खटका फिरवला. पडद्यावरची भिंत जाड झाली. उलटा फिरवला, बारीक झाली. मी चक्क ओरडले. घर माझ्या चिमटीत आलं होतं. तू मात्र पडद्याकडं पाहतच नव्हतास, माझ्या बोटांकडं पाहत होतास. म्हणालास, "आता ह्ये आमच्या गवंड्याला समजंल. त्याला माउस जमत न्हाई, खटका जमतो."

भूकंपाचं तू मला पुढं वर्षभरानं सांगितलंस. तेही बोर्डावर वायरींना कथलाचे डाग देता देता, मान वर न करता. औशाकडचं तुमचं गाव, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड छत, माळवद. तू सात वर्षांचा. आई, वडील आणि धाकटी बहीण माळवदाखाली गेली, तू दाराच्या चौकटीत अडकलास म्हणून राहिलास. मावशीनं तुला मुदखेडला नेलं. तिचं घर रेल्वेच्या रुळांना लागून. गाडी आली की मांडणीतली भांडी वाजायची आणि तू ताटावरून उठून अंगणात पळायचास. मावशी रागावली नाही. ती तुझं ताट उचलून अंगणातच आणून द्यायची. दोन वर्षं तू अंगणात जेवलास.

मग कधीतरी तू पाण्यानं भरलेला तांब्या उंबऱ्यावर ठेवायला लागलास. पाण्यावरचे तरंग बघून सांगायचास, मालगाडी आहे की पॅसेंजर. "भीती गेली का मग?" मी विचारलं होतं. तू डागाचा धूर फुंकरून बाजूला केलास. "गेली न्हाई. पन मोजता यायला लागली."

गवंड्यांना भूकंप दाखवणारं टेबल तुझ्याच डोक्यातून निघालं. ड्रॉवर सरकतो तसल्या पट्ट्यांवर बसवलेली तीन फुटी फळी, तिला मागं-पुढं हलवणारी गाडीच्या वायपरची मोटर. फळीवर मातीच्या बोटभर विटांचं घर. भिंतीला चिकटवलेली नखाएवढी चिप, ती थरथर मोजणार. बोर्ड ते आकडे लॅपटॉपला देणार, आणि पडद्यावरचं घर त्याच क्षणी तसंच हलणार. जिथं भिंतीवर ताण येईल तिथं लाल होत जाणार. शेजारी दोन खटके: एक भिंतीच्या जाडीचा, एक दारं-खिडक्यांवरून घरभर फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याचा. गवंड्यानं खटका फिरवावा, पट्टा घालून बघावा, लाल रंग कसा ओसरतो ते आपल्या डोळ्यांनी पाहावं.

सांगायला चार वाक्यं लागली, करायला आपल्याला तीन वर्षं लागली. मी लातूरला, तू नांदेडला. रविवारी कधी मी अहमदपूर, लोहा करत एसटीनं तुझ्याकडं, कधी तू बोर्डाची पिशवी मांडीवर घेऊन माझ्याकडं. एसटीच्या धक्क्यात वायरी सुटू नयेत म्हणून तू पिशवी लेकरासारखी धरायचास. रेखावहिनी म्हणायच्या, "आमच्या लेकीलाबी एवढं जपून कधी धरलं न्हाई."

पडद्यावरचं घर सुरुवातीला नुसतं झटके खायचं. टेबल थांबलं तरी ते आपलं थरथरतच राहायचं, मागचे आकडे पचवत. मी वैतागून म्हणाले की हे सॉफ्टवेअर या कामाचं नाही, सोडून देऊ. तू म्हणालास, "सॉफ्टवेअरची चूक न्हाई मॅडम. आपून त्याला प्रत्येक थरथर सांगून राह्यलो. माणूस तरी एवढं ऐकून घेईल का?" मग तू बोर्डालाच शिकवलंस की थोडा वेळ ऐक, सरासरी काढ आणि फरक पडला तरच बोल. त्या दिवशी टेबल आणि पडदा पहिल्यांदा बरोबर हलले आणि बरोबर थांबले. वहिनींनी शिरा केला होता. तू तो उभ्यानंच खाल्लास, एक डोळा पडद्यावर ठेवून.

मी तुझ्याकडून वायर सोलायला शिकले, धीर धरायला शिकले. हे तुला कधी म्हणाले नाही. तुला असलं बोलणं ऐकवत नसे, लगेच पक्कड शोधायला लागायचास.

आता ते भांडण.

रेणापूरला गवंड्यांसमोर पहिल्यांदा टेबल मांडलं तो दिवस आठवतो ना? वीस-बावीस गवंडी होते. दोन घरं शेजारी, एकाला पट्टा, एकाला नाही. टेबल हललं. बिनपट्ट्याच्या घराला कोपऱ्यात भेग गेली आणि तू लगेच बंद केलंस. मागून एक जण हसला. "सर, ह्ये तर निस्तं हालून राह्यलंय. पडतं कवा?" सगळे हसले. तू म्हणालास, "भेग पडली म्हंजी कळलं की." पण त्यांना कळलं नव्हतं. भेगा ते रोज बघतात. ते चहा पिऊन गेले.

संध्याकाळी माझ्या ऑफिसात मी तुला म्हणाले की मोटरचा वेग वाढव, घर पडू दे. तू सरळ सांगितलंस, "बोर्डात मर्यादा घातलीय मी. त्याच्या म्होरं टेबल हालनार न्हाई."

"का?"

"पडल्यालं दाखवायची गरज न्हाई. ज्यांनी पाह्यलं त्यांना काय दाखवता? आन् ज्यांनी पाह्यलं न्हाई, त्यांनी पाहूच नये."

"दादा, पाहिल्याशिवाय ते पट्टा घालणार नाहीत. दोन पोती सिमेंट वाचवायला बघतील."

"मंग आपून अजून चांगलं समजावू."

मी दमले होते. त्या माणसाचं हसणं माझ्या कानात होतं. आणि मी ते वाक्य बोलले. "गावाला शिकवायला निघालोय आपण, तुझी भीती सांभाळायला नाही."

तू बोर्डाची वायर लॅपटॉपमधून काढलीस, बोटांवर गुंडाळलीस, रबर लावलास. टेबलाचे स्क्रू एकेक करून डबीत भरलेस. मला वाटत होतं, आता हा चिडेल, मग मी माफी मागेन. तू चिडलाच नाहीस. दारात चप्पल घालताना म्हणालास, "येतो मॅडम." टेबल घेऊन गेलास.

चार महिने आपण फक्त कामापुरतं बोललो. तेही मेसेजवर. "फाइल मिळाली." "बरं." सणाला तू फुलांचं चित्र पाठवलंस, मी हात जोडलेलं पाठवलं. मला रोज वाटायचं, रविवारी एसटीत बसावं. रविवारी काहीतरी काम निघायचं. खरं सांगायचं तर काम मी काढायचे.

मग एका दुपारी तुझा फोन आला. मी एका घराच्या स्लॅबवर उभी होते, काँक्रीट पडत होतं, फोन नुसताच वाजून बंद झाला. तासाभरानं मी लावला. "काय रे दादा?" तू म्हणालास, "काही न्हाई. सहज." मी म्हणाले, "नक्की?" "हाव. कामात हाव का तुम्ही? करा, करा."

तुझा आवाज मी शेवटचा ऐकला तो हा. त्यानंतर पंधराव्या दिवशी तू प्रयोगशाळेत छाती धरून स्टुलावर बसलास. विद्यार्थ्यांनी तुला गाडीत घातलं, आणि तू वाटेतच गेलास. एकोणचाळिसावं चालू होतं तुला. वहिनींच्या भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी त्यांना तीनदा विचारलं, "कोण बालाजी?"

तुला गोदावरीकाठी नेलं तेव्हा तुझे विद्यार्थी रांगेनं उभे होते. एकाच्या हाताला डाग देताना भाजल्याची ताजी खूण होती. मला तेवढंच दिसत होतं.

तेराव्यानंतर सगळे पांगल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथं टेबल होतं. त्यावर एक घर होतं, आणि ते विटांचं नव्हतं. दगडाच्या कपच्या वेचून, मातीत बसवून बांधलेल्या जाड भिंती. दाराला लाकडाची चौकट. आणि वर माळवद. काड्यांचं आढं, त्यावर पाला, त्यावर माती थापलेली. इतक्या वर्षांत तू एकाही घरावर छप्पर घालू दिलं नव्हतंस. "आतलं दिसाया पायजे," म्हणायचास. मी ते खरं मानत होते.

"चार महिने ह्येच करत व्हते," वहिनी म्हणाल्या. "कपच्या आनायला गावाकडं गेले व्हते. लग्नाला बारा वर्षं झाली, मला कधी घेऊन गेले न्हाईत, औंदा नेलं. माती थापली त्या दिवशी जेवले न्हाईत."

मी विचारलं, "कशासाठी बांधलं, काही बोलला का?"

"न्हाई. म्हनले, मॅडमला फोन करतो."

दादा, मी त्या खोलीत खाली बसले. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचं दुःख एवढं मोठं, आणि धीर त्या मला देत होत्या. मी त्यांना ते वाक्य सांगितलं, जे मी तुला बोलले होते. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला ठाव हाय. त्यांनी सांगितलं व्हतं. म्हनले, मॅडम खोटं न्हाई बोलल्या."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तू मला माफ करून टाकलं होतंस आणि मला ते कळवलंच नव्हतंस. की कळवायलाच फोन केला होतास? ते घर तू पाडण्यासाठी बांधलंस, की ते पडणार नाही हे बघण्यासाठी? बोर्डातला प्रोग्रॅम मी उघडून पाहिला. मर्यादेचा आकडा होता तसाच होता. तू तो बदलणार होतास का? मी तासन्तास त्या आकड्याकडं बघत बसले. आकडा काय सांगणार?

टेबल आणि बोर्ड वहिनींनी मला दिलं. घर मी मागितलं नाही. त्याही म्हणाल्या, "ते राहू द्या हितंच." आम्ही दोघींनी मिळून ते जपून उचललं आणि कपाटावर ठेवलं. फळीवरून सुटताना थोडी माती खाली पडली. वहिनींनी ती बोटानं टिपून घेतली.

गवंड्यांचं पुढचं प्रशिक्षण तू असतानाच ठरलं होतं. मी रद्द करणार होते. मग गेले. रेणापूरजवळचं गाव, समाजमंदिराची खोली, गवंडी आणि गावातली बाया-माणसं. आदल्या दिवशी मी आकडा बदलला. जुनी संख्या खोडली, नवी टाकली, एवढंच. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

टेबल हललं. बिनपट्ट्याच्या घराला भेग गेली, कोपरा सुटला आणि एका क्षणात घर खाली बसलं. शेजारचं पट्ट्याचं घर उभं होतं. खोलीत कुणी हललं नाही. मग एक गवंडी पुढं आला, त्यानं पडलेल्या विटा बोटानं उकरल्या आणि म्हणाला, "माझ्या चुलत्याच्या घराचा कोपरा आसाच फुगून राह्यलाय." दुसरा म्हणाला, "पट्ट्याचा खटका मला फिरवू द्या." दोन तास ते उठले नाहीत. माझं खरं होतं, दादा. मला तुला लगेच फोन करावासा वाटला. बघ, माझं खरं निघालं.

आणि मग मला दिसलं की पुढच्या रांगेतली एक म्हातारी जागेवर नाही. ती बाहेर पायरीवर बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी शेजारी बसले. "बरं वाटत नाही का मावशी?"

"बरं हाय," ती म्हणाली. "म्या पाह्यलेलं हाय, लेकी. दुसऱ्यांदा कशाला पाहू?"

जवळजवळ तुझेच शब्द. मी तिचा हात हातात घेतला आणि तुझी जी माफी मागायची राहिली होती ती तिची मागितली. तिला वाटलं असेल, ही बाई एवढी का रडते. तिनं एका पोराला माझ्यासाठी पाणी आणायला लावलं.

त्या दिवशी परत येताना मला पहिल्यांदा कळलं की आपण दोघं चार महिने भांडलो, घर पाडायचं की नाही यावर, आणि ज्यांच्यापुढं पाडायचं त्यांना विचारायचं तुलाही सुचलं नाही, मलाही नाही. तू त्यांच्या वतीनं घाबरलास. मी त्यांच्या वतीनं धीट झाले.

परवा उमरीजवळच्या गावात गेले होते. शाळेची खोली होती, बाया जास्त होत्या, मुलं दाराखिडक्यांत लटकलेली. टेबल मांडलं, बोर्ड जोडलं, पडद्यावर घर उमटलं. खटके फिरवून झाले. मग मी हात बाजूला घेतला आणि तुझ्याबद्दल सांगितलं. नाव सांगितलं, मुदखेडचं अंगण सांगितलं, कुणी बनवलं हे टेबल ते सांगितलं. म्हणाले, "हे घर पडेपर्यंत हलवता येतं. त्यांचं म्हणणं होतं, पाडू नये. माझं म्हणणं आहे, पाडावं. तुम्ही सांगा. पाडू का?"

पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "तुमी ठरवा मॅडम." मी म्हणाले, "नाही, मी नाही ठरवणार."

मग कडेवर पोर घेतलेली एक बाई उठली. तिनं टेबलावरचं घर जवळ येऊन पाहिलं, दारातून आत डोकावून पाहिलं, आणि म्हणाली, "पाडा. पन आधी लेकरं भाईर काढा."

तिनं कडेवरचं पोर दारातल्या पोरीकडं दिलं. बाकीच्या बायांनी आपापल्या पोरांना हाका मारल्या, दंडाला धरून बाहेर काढलं. मी सगळी मुलं बाहेर होईपर्यंत थांबले. शेवटचं मूल बाहेर गेलं, त्याच्यामागं सात वर्षांचा तूही गेलास असं मी मनाशी धरलं, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.